आखूड दांडे

डेन्झिल घरासमोरच्या खळ्यात, भिंतीवरून उतरवलेल्या बाबांच्या सायकलीपाशी उकिडवा बसला होता. पायडलच्या दांड्याच्या आतल्या बाजूची धूळ त्याने अंगठ्याने पुसली, तिथला आकडा वाचला आणि पुन्हा एकदा वाचला.

"ताई, तुमचे बाबा उंच होते मां?"

मी म्हटलं, एसटीच्या छताला टोपी लागायची त्यांची.

"मगे ह्यो एकशे पासष्ट मिलिमीटरचो दांडो कित्या? ह्यो माझ्या बायलेच्या मापाचो आसा."

आई दारात उभी होती. "मी तेवाच म्हटलंय नाय?" ती म्हणाली. "दुकानदारान हेंका गंडवल्यान."

डेन्झिल आरोंद्याचा. तिथल्या शाळेत गणित शिकवतो, आणि तो नि त्याची बायको फ्लाव्हिया दोघंही सुट्टीच्या दिवशी गोव्याच्या रस्त्यांवर सायकली हाणतात. फ्लाव्हिया उंचीने कमी, तिच्या पायांना बसतील असे आखूड दांडे सहज मिळत नाहीत. जामसंड्याला एका माजी कंडक्टरच्या घरी तसा क्रँकसेट लावलेली सायकल भिंतीला टांगून आहे, असं त्याला सायकलवाल्यांच्या ग्रुपवर कळलं. त्याने फोन केला, मी ये म्हटलं.

क्रँकसेट म्हणजे पायडलचे दोन दांडे, दात्यांची चकती आणि दोन्ही बाजूंना जोडणारा आस. एवढंच. बाबांची बाकी सायकल जुनी होती, कणकवलीच्या एका डॉक्टरांनी वापरून दिलेली. निवृत्त झाल्यावर ती त्यांनी घेतली आणि कोल्हापूरला जाऊन तिच्यावर हा काळा, कार्बनचा, शर्यतीतल्या लोकांचा क्रँकसेट चढवून आणला. म्हशीला पैंजण, असं आई म्हणाली होती. मी विचारलं तेव्हा ते फक्त "हलको आसा" म्हणाले आणि दांडा बोटाने फिरवून दाखवला. तो बराच वेळ फिरत राहिला. पुढची काही वर्षं ते रोज सकाळी तळेऱ्याच्या दिशेने जायचे, ज्या रस्त्यावर त्यांनी उभी नोकरी काढली त्याच रस्त्याने. परत आले की आधी आंघोळ सायकलीची. खाऱ्या वाऱ्यात धातू टिकत नाही, म्हणून मऊ फडक्याने दांडे, चकती, एकेक बोल्ट पुसायचे. मग स्वतःची. गेल्या कार्तिकात एका दुपारी ते झोपेत गेले. त्या सकाळचं फडकं अजून हँडलवरच होतं.

क्रँकसेट द्यायचा की नाही, हा माझ्यासाठी नंतरचा प्रश्न होता. आधी मला हे कळायला हवं होतं, की बाबा खरंच फसले होते का. मिशा फुटलेल्या मुलाला कडेवर घेऊन अर्धं तिकीट मागणाऱ्या आया त्यांना फसवू शकल्या नव्हत्या. फाटकी नोट घडी घालून देणाऱ्याला ते हसत हसत तिची घडी उलगडून दाखवत. असा माणूस म्हातारपणी दुकानात जाऊन चुकीच्या मापाची वस्तू घेऊन येतो, हे माझ्या गळ्याखाली उतरत नव्हतं.

क्रँकसेटचं खोकं माळ्यावर होतं, ते मी खाली आणलं. त्यावर दुकानाचा शिक्का आणि नंबर. मी तिथेच खळ्यात उभं राहून फोन लावला. क्रँकसेट, कार्बन, आखूड, एवढं म्हटल्यावर पलीकडचा माणूस ओळखीचं हसला.

"देवगडचे कंडक्टरसाहेब? त्यांना विसरतोय होय!"

बाबा गेल्याचं मी सांगितलं. तो हळहळला. मग त्याने सांगितलं की उंची बघून त्यानेही लांब दांडेच पुढे केले होते. पण बाबा दुकानातल्या स्टँडवरच्या सायकलीवर चढले, पाय फिरवले, उतरले, आणि बाहेर फुटपाथवर जाऊन चालून आले. मग म्हणाले, याहून आखूड. पुन्हा चढले, पुन्हा चालून आले. सगळी दुपार त्यात गेली. साध्या सेटमध्ये इतके आखूड दांडे त्याच्याकडे नव्हतेच, फक्त या महागातल्यात होते. तसं त्याने स्पष्ट सांगितलं, घाई करू नका म्हणाला.

"त्यावर म्हणाले, उंचीला कशाला विचारता, गुडघ्याला विचारा. आता तब्येतीचं आपण खोदून विचारणं बरं दिसत नाही. दिला बसवून."

मी फोन ठेवला. तोपर्यंत डेन्झिलने सीटखालच्या पिशवीची चेन उघडली होती. आत ट्यूब होती, चाव्या होत्या, आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत हिरवट तेल. त्याने बूच काढून हुंगलं.

"मावशी, ह्या खंयचा तेल?"

"सायकलीचा ता," आई म्हणाली. "पिशयेक कोणाक हात लावक दियत नसत."

"ह्या निगडीचा, निर्गुडीचा. माझी आवय सांध्यांक लावता." तो हसायला लागला. "सायकलीक निगडीचा तेल घालणारो माणूस मी पयलोच बघतंय."

मग त्याचा तोच थांबला. बाटलीचं बूच लावून त्याने ती जपून पिशवीत ठेवली, एक दांडा हाताने अगदी वर नेला आणि मला म्हणाला, पायडल इथे वर येतं ना, तेव्हा गुडघा सगळ्यात जास्त दुमडतो. दांडा लांब असेल तर जास्त, आखूड असेल तर कमी. फरक नखाएवढा असतो, पण ज्याचा गुडघा त्या नखाएवढ्यावर अडतो त्याच्यासाठी सायकल चालवणं आणि न चालवणं एवढा तो असतो.

आई पायरीवर बसली. "लेंग्याक वास येय निगडीचो," ती म्हणाली. "माका वाटला, वाटेर निगडीची झाडां आसत, थंय खंय बसान येतत."

बसून. तो शब्द ऐकला आणि मला देवळातली पंगत दिसली. समाराधनेला बाबा कधी पंगतीत बसले नाहीत. कमरेला पंचा, हातात आमटीची बादली, वाकून वाढत पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. लोक हात धरून खाली बसवायला बघत, तर म्हणत, "तुमी जेवा, माझा मागसून." मागाहून म्हणजे सैपाकघरात कट्ट्याला टेकून, उभ्याने. माझ्या लग्नात व्याह्यांच्या पंगतीलाही बसले नाहीत. सासरची माणसं आधी जरा रागावली आणि नंतर वर्षानुवर्षं कौतुक करत राहिली. घरात त्यांचं ताट ओसरीवरच्या स्टुलावर असायचं, वारा येतो म्हणून. एसटी रिकामी असली तरी ते पाय पसरायला जागा नसलेल्या आपल्या सीटवर टेकत नसत. ते गेल्यावर जे जे भेटायला आले त्यांनी हेच सांगितलं, सगळ्यांना वाढून मग जेवणारा माणूस गेला.

ते खोटं होतं असं मला वाटलं नाही. बादली जड असते, आणि दुखऱ्या पायाच्या माणसाला ती धरणं सोपं नसणार. पण कारण एकच असावं असं कुठे आहे?

मी आईला विचारलं, गुडघ्याला कधी काय झालं होतं का.

"लग्नाआदी आंब्याच्या कलमावरसून पडलेले," ती म्हणाली. "तेंची आवस सांगी. बरो झालो म्हणी." मग म्हणाली, "नोकरीत सांगूक भिले आसतीत. मगे सवय झाली."

"तुलासुद्धा नाही सांगितलं?"

"माका सांगले आसते तर मी उभ्यान वाढूक दिलंय आसतंय?"

डेन्झिल उठला. त्याने खिशातून काढलेला पाना परत खिशात ठेवला होता. आज नको, म्हणाला. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात वर्षश्राद्ध आहे, त्यानंतर बघू. तो फाटकापर्यंत गेला तेव्हा आईनेच त्याला हाक मारली.

"रे, तुझ्या बायलेचो गुडघो बरो आसा मां?"

"बरो आसा, मावशी. ती नुसती बुटकी."

"मगे न्हे. वरसाच्या दुसऱ्या दिसाक ये. इतको निवडून घेतललो, भिंतीर कित्याक रवांदे."

तो गेल्यावर मी दांड्याला हलकेच बोट लावलं. वर्षभर टांगून होता, तरी गरगरत राहिला. थांबेपर्यंत मी बघत उभी होते. आईही.

वर्षश्राद्धाच्या दिवशी ओसरी सारवली होती. भटजींचं सगळं आटोपत आलं. जमिनीवर केळीची पानं मांडली होती, आणि एका बाजूला बाबांचं. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भोपळ्याची भाजी, खीर, सगळं त्यावर वाढून झालं. आई ते बघत जराशी थांबली. मग वाकून तिने भरलेलं पान दोन्ही हातांनी अलगद उचललं आणि मला स्टूल आणायला सांगितलं.

मी स्टूल ठेवलं. तिने पान त्यावर मांडलं, देठाकडची बाजू सारखी केली.

भटजी म्हणाले, "वैनी, पान जमिनीर मांडतत."

"हेंका खाली बसूक जमणा नाय," आई म्हणाली, आणि भात आणायला आत गेली.