उमरेडच्या वॅगनच्या फळ्या

मी रेल्वेत वॅगन तपासायचो. निवृत्तीनंतर खेळण्यातल्या मालगाडीचे प्लास्टिकचे छोटे डबे विकत आणतो आणि कापून, घासून आपल्याकडच्या जुन्या वॅगनसारखे करतो. माझी बायको माया मागच्या जूनमध्ये गेली. ती असताना एका डब्यावरून आमचं भांडण झालं होतं. उमरेडच्या छोट्या, नॅरोगेज लाइनवरची कोळशाची उघडी वॅगन. ती म्हणायची बाजू लाकडी होत्या. मी म्हणायचो लोखंडी.

"मी त्या रुळापाशी वाढली. तुम्ही मले काय सांगून राहिले?"

"तीस वर्षं वॅगनच पाहिल्या मी."

"पाह्यल्या असतील. ह्या नाही पाह्यल्या."

मी बाजू लोखंडीच ठेवल्या, काळा रंग दिला आणि डबा कपाटात ठेवला.

परवा माझ्याबरोबर नोकरीला असलेल्या गोपाळरावांनी मोबाइलवर एक जुना फोटो पाठवला. उमरेडचं सायडिंग, म्हणजे कोळसा भरायची बाजूची लाइन, १९६७. वॅगनच्या बाजू लाकडी. मी फोटो मोठा करून पाहिला, उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो.

डबा काढला. प्लास्टिकच्या बाजू कापून टाकल्या. लाकूड म्हणून आइस्क्रीमच्या काड्या घेतल्या. पण फोटो पुसट होता, फळ्या मोजता येईनात. अंदाजाने लावल्या असत्या तर तिचं म्हणणं पुन्हा अर्धंच ऐकल्यासारखं झालं असतं. म्हणून उमरेडला तिच्या थोरल्या बहिणीला, सिंधूताईंना, फोन लावला.

"ताई, त्या कोळशाच्या वॅगनले आडव्या फळ्या किती होत्या?"

"मले काय मालूम, भाऊजी? मायालेच इचारा नं."

तिकडे कुकरची शिट्टी झाली.

"काय बोलून गेली मी," त्या म्हणाल्या. मग थांबून म्हणाल्या, "फळ्या नाही मोजल्या कधी. पण आम्ही खाली पडलेला कोळसा वेचाले जात होतो. वॅगन भरली का रिकामी, हे माया फटीतून पाहे. खालून दोन फळ्या सोडून जी फट, ती बरोबर तिच्या डोळ्याशी. मले वाकावं लागे."

"केवढी होती तेव्हा?"

"चौथीत. चार फुटाचीही नसन. बुटकीच होती ते, तुम्हाले मालूम नाही काय?"

त्या वॅगनचा तळ जमिनीपासून अडीच फुटांवर असे आणि बाजूही अडीच फूट उंच, हे मला माहीत होतं. तिचे डोळे साडेतीन फुटांवर धरले. मधल्या एका फुटात दोन फळ्या, म्हणजे एक फळी सहा इंचांची. अडीच फुटी बाजूला पाच.

पाच पट्ट्या कापून चिकटवल्या. खालून दुसरी आणि तिसरीमध्ये केसाएवढी फट ठेवली. फेविकॉल वाळल्यावर पुन्हा फोन केला.

"पाच निघाल्या, ताई."

"मंग माया बरोबर होती म्हणा."

"हो."

"मंग तिनंच आकडा काहून नाही सांगतला तुम्हाले?"

"तिनं लाकडी म्हटलं होतं. पुढचं मी इचारलंच नाही."

जेवले का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो आणि दुसऱ्या बाजूच्या पट्ट्या कापायला घेतल्या.