राखून ठेवलेलं खोरं

चढावर माणूस खोटं बोलू शकत नाही. खोटं बोलायला श्वास लागतो, आणि चढावर तो सगळा पायांना द्यावा लागतो. म्हणून एखाद्याची पारख करायची असेल तर त्याच्याबरोबर सायकलवरून एक घाट चढावा, असं मी गेली कित्येक वर्षं लोकांना ऐकवत आलो आहे. लोक माना डोलवत. माझा साडू सगळ्यात जास्त डोलवत असे.

आता एवढंच सांगायचं आहे की माझा साडू चढावर खोटं बोलतो. त्याला साधी धापही लागत नाही.

साडू म्हणजे माझ्या मेहुणीचा नवरा. नातं तसं बिनकामाचं. दोन बहिणींनी वेगवेगळ्या वेळी केलेल्या निवडी एका सोफ्यावर शेजारी बसतात आणि हवापाण्यावर बोलतात, यापलीकडे त्यात काही नसतं. आम्ही त्यातून सायकल शोधून काढली. रविवारी घराबाहेर पडायला आम्हाला कारण हवं होतं, आणि आम्ही बाहेर पडायला हवं हे बायकांचंही मत होतं. सपाटीवर आम्ही एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणतो, चढ लागला की ‘तू’. चढावर तेवढा आदर परवडत नाही.

आसपासची सगळी खोरी आम्ही पालथी घातली. एकच राखून ठेवलं होतं. सगळ्यात लांबचं, नदी जिथून निघते तिकडे जाणारं, आणि त्याच्या टोकाला कड्यावर एक जुनं दगडी गाव. तटबंदी, बुरूज, एकात एक अडकलेली छपरं. त्या गावाचा फोटो साडूने ऑफिसातल्या टेबलाच्या काचेखाली ठेवला होता, त्याच्या बायकोच्या फोटोवर किंचित सरकवून. ते गाव पहिल्यांदा बघायचं तर दोघांनी मिळून, असं आमचं ठरलं होतं. शपथ वगैरे काही नाही. रस्त्याकडेला एका केळ्याचे दोन भाग करताना ठरलं, पण आमच्यात त्याहून गंभीर प्रसंग सहसा येत नाही.

जायचा दिवस मुक्रर झाला आणि माझ्या छातीत कळ आली.

हृदयाच्या डॉक्टरांच्या खोलीत एक अरुंद पलंग होता आणि दर पेशंटला त्यावर नवा कागद अंथरत. मी हललो की कागद माझ्या वतीने कण्हायचा. टेबलावर प्लास्टिकचं हृदय होतं. त्याच्या डाव्या कप्प्यात डॉक्टर टाचण्या ठेवत. साडू माझा शर्ट मांडीवर घेऊन स्टुलावर बसला होता. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप टेकवला तेव्हा मला त्यांचा हात दिसला. बोटांची टोकं उन्हाने रापलेली, पंजा मात्र पांढराफटक. बिनबोटांचे हातमोजे घालून उन्हात सायकल चालवणाऱ्याचाच हात तो.

“तुम्हीसुद्धा?” मी म्हटलं.

“वेळ मिळेल तसं. श्वास घ्या.”

मला इतका आनंद झाला की मी श्वास घ्यायच्या ऐवजी बोलायलाच लागलो. खोरं कुठे सुरू होतं, पूल कुठे आहे, मधलं गाव कुठलं, त्यानंतर रस्ता कसा कड्याला बिलगून वर जातो, हे मी त्यांना हवेत बोट फिरवून दाखवलं. हे सगळं मी नकाशावरून पाठ केलं होतं.

“सोडा,” डॉक्टर म्हणाले. “पुलानंतर चढ किती म्हणालात?”

तपासून झाल्यावर त्यांनी मला वर्षभर घाट बंद केला. सपाटीवर हळूहळू, बाकी काही नाही. “खोरं कुठे पळून जात नाही,” ते म्हणाले. बाहेर पार्किंगमध्ये साडूने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “मग मीही नाही जाणार. जायचं तर मिळून.” माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गोळ्यांनी येतं म्हणतात.

वर्ष मी मोठ्या इमानाने काढलं. दूधवाल्याच्या वेगाने तळ्याला फेऱ्या मारल्या. म्हाताऱ्या बायका मला मागे टाकून जायच्या आणि वळून हसायच्या. मी मनात ते खोरं धरून होतो. शेवटी डॉक्टरांनी कागद अंथरला, ऐकलं, आणि परवानगी दिली. अट एकच. मी साडूच्या मागे राहायचं, समोरचा वारा त्याने अंगावर घ्यायचा.

निघालो. खोरं मी मनात बांधलं होतं त्याहून देखणं निघालं. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला ओलसर काळा कडा, आणि मधून जेमतेम एक गाडी जाईल एवढा रस्ता. मी साडूच्या मागच्या चाकाला चिकटून होतो. माझ्या डोळ्यांसमोर त्याची पाठ आणि कानांत त्याची चेन, एवढंच माझं जग होतं, आणि मी त्यात सुखी होतो.

पहिल्या मोठ्या वळणाला रस्ता सपाट होता. कड्यामुळे पुढचं काही दिसत नव्हतं. साडूने गिअर टाकला. टक्, टक्, टक्. सगळ्यात हलका. सपाटीवर त्याचे पाय शिवणयंत्रासारखे फिरायला लागले. मला वाटलं, थकला बिचारा. वळण संपलं आणि रस्ता भिंतीसारखा उभा राहिला. साडू भुरकन वर गेला. मी जड गिअरात जागच्या जागी उभा राहण्याच्या बेतात होतो.

अनोळखी रस्त्यावर असा चढ सगळ्यांनाच फसवतो. माणूस वळण घेतो, दचकतो, मग गिअर शोधतो. वळणाआधी गिअर तोच टाकतो, ज्याला वळणापलीकडचं ठाऊक असतं. हे मला लगेच कळायला हवं होतं. पण विश्वास ठेवलेल्या माणसाचे कान जरा उशिराच उघडतात.

पुलानंतर पुन्हा टक्. पुन्हा भिंत. मग मधल्या गावाची वेस आली. साडू काहीही न दिसता कमानीच्या आत पार डावीकडे सरकला. मी सरळ गेलो. कमानीच्या सावलीत गटाराची जाळी होती, तिच्या फटी नेमक्या चाकाच्या दिशेने. चाक कसं वाचलं ते चाकालाच माहीत.

गावच्या चौकात पाण्याचं दगडी कुंड होतं. मी तिथे उतरलो.

“तू इथे येऊन गेलायस,” मी म्हटलं.

“कोण म्हणतं?”

“तुझा गिअर म्हणतो.”

“अहो, अंदाज असतो माणसाचा.”

गाव चढावर होतं, तरी तो ‘अहो’वर आला. तिथेच मी काय ते समजलो.

“आणि जाळी? तिचाही अंदाज?”

त्याने बाटली तोंडाला लावली आणि रिकामी होईपर्यंत काढली नाही. वरच्या खिडकीत एक बाई गादी झटकत होती. ती झटकायची थांबली.

“एकदाच,” तो म्हणाला.

“कुणाबरोबर?”

“कुणाबरोबर म्हणजे काय?”

“तू एकटा कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा जात नाहीस.”

“डॉक्टरांबरोबर.”

“कुठल्या डॉक्टरांबरोबर?”

“तुमच्या.”

मला तो पलंग आठवला. अंगावर वायरी, खाली कागद, आणि मी हवेत बोट फिरवून त्या माणसाला वाट दाखवतोय.

“त्यांचाच फोन आला,” साडू म्हणाला. “म्हणाले, हवा छान आहे.”

“त्यांनी मला घाट बंद केला होता!”

“तुम्हाला केला होता. माझं हृदय चांगलं आहे.”

“हो, ते दिसतंच आहे.”

वरची बाई हसली. साडूने रिकामी बाटली कुंडात बुडवली.

“घरी कुणाला माहीत होतं?”

“ताईंना.” ताई म्हणजे माझी बायको. “त्याच म्हणाल्या, ह्यांना सांगू नका, उगाच बीपी वाढेल. डबाही त्यांनीच दिला.”

“डबा?”

“दोघांचा.”

त्या वर्षी मला घरी दोन्ही वेळा उकडलेलं खायला घालत होते. डब्यात काय होतं ते मी विचारलं नाही. काही गोष्टी न कळलेल्या बऱ्या.

“चला,” मी म्हटलं. “पुढे तुम्हीच व्हा. रस्ता तुमच्या ओळखीचा आहे.”

पुढचा सगळा घाट आम्ही एक शब्द न बोलता चढलो. तो वळणाआधी टक् करायचा, मी मागून टक् करायचो. अपमानाची गोष्ट अशी की त्यामुळे चढ फार सोपा गेला. माझी छाती घड्याळासारखी चालत होती. आत मात्र मी भाषणं तयार करत होतो. एक साडूसाठी, एक डॉक्टरांसाठी, एक घरी गेल्यावर. सगळ्यांची सुरुवात “मला काही वाटलं नाही” अशी होती.

वर तटबंदी दिसायला लागली. फोटोत होती त्याहून उंच आणि पिवळट. दोन बुरुजांच्या मधून कुणाच्या तरी चुलीचा धूर वर जात होता. मी ती बघितली आणि मला काहीही झालं नाही. दुसऱ्याने आधी वाचून घड्या मोडलेलं वर्तमानपत्र हातात आल्यासारखं वाटलं.

मग एक वळण आलं आणि टक् झालं नाही.

साडू जड गिअरातच वळणात शिरला. समोर रस्ता उभा. त्याने घाईने गिअर टाकला, चेन करकरली आणि निसटून लोंबायला लागली. त्याने धडपडत पाय टेकवला. मी त्याच्या चाकावर आदळता आदळता थांबलो.

तो खाली बसून चेन लावायला लागला. बोटं काळी झाली.

“इथे कसा फसलास?” मी विचारलं. भाषणं विसरून मी ‘तू’वर आलो होतो.

“इथून पुढे मला माहीत नाही.”

“म्हणजे? गाव?”

“नाही पाहिलं. इथूनच परत फिरलो आम्ही.”

वर तटबंदी इतकी जवळ होती की दगडांतलं गवत दिसत होतं. इथवर येऊन, गाव समोर असताना, हा माणूस मागे फिरला होता. डॉक्टरांना घेऊन फिरला होता. माझ्या छातीत काहीतरी हललं, आणि या खेपेला त्याचा नसांशी संबंध नव्हता.

“अरे,” मी म्हटलं, “माझ्यासाठी ठेवलंस?”

साडूने चेन दातऱ्यांवर बसवली, पायडल हाताने फिरवून पाहिलं आणि बोटं गवताला पुसली.

“डॉक्टरांचं टायर पंक्चर झालं होतं,” तो म्हणाला. “पंप दोघांकडेही नव्हता. तो नेहमी तुझ्याकडे असतो.”