शिव्यांचा धनी

केतनचा अंगठा घसरला आणि पूल नाहीसा झाला.

आत्ता आत्तापर्यंत पडद्यावर नदी होती, पूल होता, धुरातून पळत येणारी माणसं होती. अंगठा कीबोर्डच्या खालच्या ओळीतल्या खिडकीच्या चित्राच्या बटणावर पडला, तसा सगळा खेळ आक्रसून पत्त्याएवढा झाला आणि भोवती कॅलेंडर, कॅल्क्युलेटर असली नको ती चित्रं येऊन बसली. अंगठा उचलून परत जागेवर आणेपर्यंत खेळातला केतन मरून पडला होता.

"केत्या! मुडद्या, झोपलास काय रं?" स्पीकरमधून कागलच्या धैर्यशीलचा आवाज फुटला. "पूल काय तुझ्या सासऱ्याचा हाय, सोडून दिलास त्यो? रताळ्या, समदी मेली तुझ्यापायी!"

स्वयंपाकघरात आईनं, चंदनाबाईंनी, दार लोटून घेतलं. हेडफोनचं ओझं पोराच्या मानेला सोसत नव्हतं, म्हणून स्पीकर. आणि स्पीकर म्हणून या शिव्या सगळ्या घराला.

केतन हसत होता. हसला की त्याची मान उशीवरून एका बाजूला जायची. थोरल्या बहिणीनं, अपूर्वानं, ती सरळ करून दिली.

"एवढ्या शिव्या खातोस आणि वर दात काढतोस?"

"आक्का," केतन म्हणाला आणि थांबला. एका दमात फार बोलता येत नसे. "घरात मला कोण शिव्या देतंय, सांग की."

खरंच होतं ते. स्नायू झडत जाण्याचा हा आजार शाळेत असताना त्याच्या पायांत आला, मग कमरेत, मग खांद्यांत. आणि जसजसा तो वर चढला तसतसे घरातले आवाज खाली आले. वडिलांचं, जयपालांचं, घराजवळच, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत, भांड्यांचं दुकान. गिऱ्हाइकावर डाफरणारा माणूस, पण घरी आला की कुजबुजायचा. पोरगा तोंडातला घास थुंकला तरी कुणी ब्र काढायचं नाही. आल्यागेल्यांनी तर त्याच्याशी देवळात बोलल्यासारखं बोलायचं ठरवूनच टाकलं होतं. मरण्याआधीच माणसाशी असं सांभाळून बोलायला लागले, की त्यानं समजायचं काय? उरला होता एक धैर्यशील. त्याला काही ठाऊकच नव्हतं.

कागलच्या या पोराशी केतनची गाठ खेळातच पडली. धैर्यशीलच्या घरी म्हशी, उसाचं रान. सकाळ-संध्याकाळच्या धारा झाल्या की गडी कॉम्प्युटरपुढे. त्यानं पाच जणांची टीम जमवली आणि कॅप्टनही स्वतःच झाला. पाचांनी पूल राखायचा, समोरच्या पाचांनी तो घ्यायचा, एवढाच खेळ. टीमचे टी-शर्ट त्यानं छापून घेतले, पाठीवर ज्याचं त्याचं नाव, आणि कुरियरनं घरोघर पाठवले. केतन हळू बोलतो, कधी भेटायला येत नाही, म्हणून सगळे त्याला शिष्ट समजत. 'पेठेतला नबाब' म्हणत. केतनला ते भारी आवडायचं.

"हा डेस्कटॉपच बदलू या," अपूर्वा म्हणाली.

ती कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवायची. घरातलं मशीन इतकं म्हातारं, की नव्या विंडोजनं त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं होतं. मग तिनं त्यात लिनक्स घातलं. खेळ मुळात विंडोजचा, पण मधे प्रोटॉन नावाचा दुभाषी बसवला की लिनक्सवर सुखानं चालायचा. प्रश्न उरला डेस्कटॉपचा, म्हणजे पडद्याच्या सगळ्या मांडणीचा. लिनक्सवर तो ज्याचा त्यानं निवडायचा असतो. आत्ताचा दिसायला देखणा, पण त्या एका बटणावर त्याचा सगळा जीव. दुसरा लावून पाहिला, त्यात खिडक्या हलताना लाटा उठायच्या आणि मशीन धापा टाकायचं. लोक रंग बघून निवडतात, चित्रं बघून निवडतात. अपूर्वा भावाची बोटं बघून निवडत होती. उजव्या हाताची दोन आणि डाव्याचा अंगठा. बाकीची आता नुसती असायची.

शेवटी तिनं एक्सएफसीई नावाचा तिसरा डेस्कटॉप घेतला. जुन्या वळणाचा, साधा, सांगितलं तेवढंच करणारा. त्यात तिनं ते खोडकर बटण मुकं करून टाकलं. वर आणखी एक छोटा प्रोग्राम बसवला. केतननं एक बटण दाबलं की खाली बसणं, बंदूक डोळ्याला लावणं आणि गोळी सोडणं ही कामं ओळीनं व्हायची. धडधाकट माणूस पाच बोटांनी करतो ते त्याचं एक बोट करणार. कुणाला मारायचं ते मात्र त्यानंच ठरवायचं.

"ही चोरी न्हाय न्हवं, आक्का?"

"चष्मा लावणं चोरी हाय का?"

आणि केतन खेळला की हो! गेल्या कित्येक महिन्यांत खेळला नव्हता असा खेळला. पूल एकट्यानं राखला. धैर्यशील तर उड्याच मारत होता. "नबाब, आज काय खाऊन आलायस, लेका?" त्या दिवसांत केतन जेवायला मागून घ्यायचा.

पण धैर्यशील दुधातलं पाणी ओळखणारा गडी. खेळांची रेकॉर्डिंगं तो पुन्हा पुन्हा बघायचा. दरवेळी केतन तस्साच बसतो, तस्सीच गोळी सोडतो, मधला वेळ एका केसानं इकडंतिकडं होत नाही, हे त्याच्या नजरेत आलं.

"केत्या, खरं सांग. प्रोग्राम लावलाईस?"

केतननं अपूर्वाकडं पाहिलं.

"आरं, बोल की!"

"लावलाय."

"चोर! चोर हायस तू. हाताला काय मेंदी लावलीया, मशीनकडनं खेळून घेतोस? कागलात तोंड दाखवायची सोय ठेवली न्हाईस. टी-शर्ट काढून ठेव माझा. रविवारी येतो न्यायला, आणि दोन कानाखाली बी ठेवून जातो."

पडद्यावरच्या टीमच्या यादीतून केतनचं नाव गेलं. अपूर्वानं ते पाहिलं आणि तावातावानं धैर्यशीलला सगळं लिहायला बसली. आजाराचं नाव लिहिलं, बोटांचं लिहिलं.

"आक्का, पुस ते."

"आरं, गैरसमज झालाय त्याचा. का म्हणून ऐकून घ्यायचं?"

"पाठवलंस तर तुझ्याशी बोलणार न्हाय. कधीच न्हाय." त्याला दम लागला. तो जाईपर्यंत थांबून म्हणाला, "चोर म्हणू दे. चोराला शिव्या तरी देत्यात."

तिनं पुसलं. कुरियरसाठी घरचा पत्ता आपणच कळवला होता, हे मात्र दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही. रविवारी येतो म्हणणारे कोल्हापुरात ढीग असतात. खरंच कोण येतं?

तो आला. दिवस कलताना दारात मोटारसायकल उभी केली आणि ओठावर नुकतं मिसरूड फुटलेला, पैलवानी खांद्यांचा एक पोरगा पायरी चढला.

"केतन हाय का? बाहेर बोलवा त्याला."

चंदनाबाईंनी आवाज ओळखला. इतके दिवस या आवाजाचा त्यांना कोण राग! पण दारात उभा पोरगा बघितला आणि राग कुठल्या कुठं गेला. शाळा सुटल्यावर केतनला भेटायला कुणी दोस्त आला नव्हता. हा कागलहून आला होता.

"अगं बाई, कागलचं पावणं! या की, आत या."

"मी टी-शर्ट न्यायला आलोय, काकू."

"टी-शर्ट व्हय? अंगातच हाय त्याच्या. धुवायला तेवढा काढून देतोय बघा. या, या."

दंडाला धरून त्यांनी त्याला आत नेलं. केतन दाराकडं पाठ करून खुर्चीत होता. चाकांची खुर्ची, मानेशी उशी. अपूर्वा उठून उभी राहिली, पण तोवर उशीर झाला होता. धैर्यशीलला आधी दिसली ती टी-शर्टची पाठ. गळ्यापासून खालपर्यंत उभी फाडलेली. 'केत्या'चा 'के' इकडं, 'त्या' तिकडं, मधे चार जागी बांधलेल्या पांढऱ्या नाड्या आणि नाड्यांच्या फटीतून बरगड्या.

"हात वर जात न्हाईत न्हवं त्याचं," चंदनाबाई म्हणाल्या. "मग घालायचा कसा? मागनं फाडला आणि नाड्या लावल्या. आता कसा झटक्यात हुतोय."

अपूर्वानं खुर्ची वळवली. केतननं त्याच्याकडं पाहिलं.

"टी-शर्ट न्यायला आलायस न्हवं?" तो म्हणाला. "ने की. आई, काढ."

"न्हाय… न्हाय, राहू दे."

"चोर म्हणालतास." केतननं श्वास घेतला. "म्हण की."

धैर्यशीलनं तोंड उघडलं. पंगतीत शेवटी बसलेला माणूस वाढप्याकडं बघतो, तसा केतन त्याच्याकडं बघत होता. धैर्यशीलनं तोंड मिटलं आणि फरशीकडं पाहायला लागला.

"चोर कशाला म्हणंल त्यो?" चंदनाबाई हसल्या.

"खेळातलं असतंय, काकू. काय न्हाय."

आता चंदनाबाईंना कोण थांबवणार? ऐकायला माणूस मिळाला होता. आजार कधी कळला, डॉक्टर काय म्हणाले, आता कुठली बोटं हलतात, अंघोळीला कसं उचलतात, रात्री किती वेळा कूस बदलून द्यावी लागते, सगळं सांगितलं.

"आई, बास," केतन म्हणाला. "आई."

"सांगू दे की. दोस्तच हाय तुझा. परका हाय का?"

मग जेवणाचा आग्रह. "आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवत्यात. कांदा-लसूण नसतं, पण गोड मानून घ्या." धैर्यशीलपुढं भाकरी, मुगाची उसळ, गूळ-तूप आलं. केतनची खुर्ची त्याच्या समोर आणली आणि चंदनाबाई रोजच्यासारख्या कुस्करून त्याला भरवायला बसल्या.

केतननं ओठ घट्ट मिटले.

"खा की, राजा. पावणं काय म्हणतील?"

त्यांनी घास ओठाला लावला, वाट पाहिली, हनुवटीवर ओघळलेलं पदरानं पुसलं, पुन्हा लावला. केतननं डोळे मिटून तोंड उघडलं. धैर्यशील मान खाली घालून भाकरी तोडत होता. त्याच्या नाकावरून पाणी ताटात पडलं, तसा अपूर्वाला त्याचा राग आला आणि राग आल्याचं वाईटही वाटलं.

जाताना तो चंदनाबाईंच्या पाया पडला. केतनपुढं येऊन उभा राहिला. हात मिळवायला पुढं केला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, मागं घेतला.

"येतो हं, केतन," तो म्हणाला. "जप जिवाला."

मंगळवारी यादीत केतनचं नाव परत आलं. बाकीच्या तिघांना धैर्यशीलनं काय सांगितलं ते त्यालाच माहीत. केतननं नाव पाहिलं आणि अपूर्वाला हात कीबोर्डवर ठेवायला सांगितलं. तिला वाटलं, चला, मिटलं एकदाचं.

डाव सुरू झाला. केतन पुलाच्या तोंडाशी. समोरून दोघं आले आणि नेमकं त्याचं बोट अडकलं, दाबताच येईना. दोघं बिनघोर पूल ओलांडून गेले, मागची सगळी टीम मेली. केतननं श्वास रोखून धरला.

"असू दे, असू दे," स्पीकरमधून आवाज आला. "हुतंय असं. छान खेळतोयस, केतन."

"छान, छान," बाकीचेही म्हणाले.

पुढच्या डावात केतननं पुलाकडं पाहिलंच नाही. या खेळात आपली गोळी आपल्या माणसालाही लागते. तो सावकाश वळला. धैर्यशील त्याच्या अगदी पुढं उभा होता, येणारी गोळी आपल्याला लागावी असा, आडवा. केतननं त्याच्या पाठीवर नेम धरला आणि बटण दाबलं.

कॅप्टन कोसळला. स्पीकर गप्प झाला. केतनचा चेहरा उजळला, ओठ हसायच्या बेतात आले, मान उशीवरून कलायला लागली.

"माझंच चुकलं," धैर्यशील म्हणाला. "मीच मधी आलो. असू दे."

पुढच्या डावात केतननं त्याला पुन्हा मारलं. शत्रू अजून नदीपर्यंतही आला नव्हता.

"असू दे रं. दमला असशील. थांबायचं का जरा?"

चंदनाबाई स्वयंपाकघराच्या उघड्या दारात हात पुसत उभ्या होत्या. "किती गुणी पोरगं," त्या म्हणाल्या. "उगंच नावं ठेवत होते मी."

"आक्का," केतन म्हणाला, "माझा हात काढ."

"आरं, डाव चालू हाय अजून."

"काढ."

अपूर्वानं त्याचं मनगट उचललं आणि मांडीवर ठेवलं. स्पीकरमधून कागलचा आवाज येतच होता, मऊ, हळू, दबकत.

"केतन? हायस न्हवं? असू दे रं. असू दे."