आठ हजार चारशे पाच

सेवाव्रत क्षयरोग संस्थेचा संगणक रत्नागिरीत राहणार की कोल्हापूरच्या शाखेत जाणार, हे त्या शनिवारी दुपारी तीनला ठरणार होतं. वर्षभर काही रुग्णांच्या औषधांच्या चिठ्ठ्या दोनदा छापल्या जात होत्या. नोंदी संगणक चालवणारी गोदा मोहितेच चुकवते, असं कार्यालयात सगळे धरून चालले होते. गोदाचं म्हणणं वेगळं होतं. प्रत्येक रुग्णाचा क्रमांक गाव, घर आणि घरातला माणूस यांवरून बनायचा. एका क्रमांकावर दुसरी नोंद घेऊ नये, असं तिनं संगणकाला सांगून ठेवलं होतं. माहिती सांभाळणाऱ्या प्रणालीची जुनी आवृत्ती ते पाळत नव्हती. तिनं कंपनीला तीन पत्रं लिहिली, तेव्हा कुठे दुरुस्त आवृत्तीची टेप आली.

सकाळी तिनं सगळ्या नोंदी दोन वेगळ्या टेपांवर उतरवल्या, नवी आवृत्ती बसवली आणि नोंदी परत भरायला घेतल्या. अडीचला आकडा आला, आठ हजार चारशे पाच. सकाळी होते आठ हजार चारशे बारा.

कचेरीचे मुख्य कारकून काशीराम घाग मागे उभेच होते. "काय गो बाय, तुझ्या यंत्रानं सात माणसं गिळलीन की!"

निर्णय घेणारे संस्थेचे प्रमुख डॉक्टर यायला अर्धा तास होता. जुनी आवृत्ती परत बसवायला तेवढाच वेळ लागला असता. गोदानं ते केलं नाही. नाकारलेल्या सात नोंदी छापून घेतल्या आणि काशीरामांना मूळ कार्डं काढायला सांगितलं. ते कुरकुरत गेले. पहिलंच कार्ड हातात घेऊन थांबले.

"हा भागोजी आमच्या संगमेश्वराकडचा. गिरणीत असतो. शिमग्याला येतो."

सातही जण मुंबईत कामाला होते, आणि सातही नोंदी मार्चमधल्या. माणूस मुंबईला गेला की गावचा आरोग्यसेवक त्याचं कार्ड बाजूला ठेवी. शिमग्याच्या पालखीला तो गावी आला की त्याच क्रमांकाचं नवं कार्ड लिही.

डॉक्टर आले तेव्हा काशीरामच आधी बोलायला लागले. गोदानं त्यांना हातानं थांबवलं.

"सात गेले नाहीत, डॉक्टर. सात जास्त होते. जुनीनं घेतले, हिनं नाही घेतले."

डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि स्वतः भागोजीची नोंद पुन्हा भरून पाहिली. नाकारली गेली. सातांतल्याच चिमा पवार नावाच्या बाईंची भरली. तीही नाकारली. तिसरी करून पाहिली, तेव्हा ते हसायलाच लागले. चिठ्ठ्या आजच छापा म्हणाले, आणि कोल्हापूरला संगणक पाठवत नसल्याचं पत्र काशीरामांना लिहून घ्यायला सांगितलं. काशीरामांनी कागद घेतला आणि संगणक मोहितेबाईंकडेच राहील असं लिहिताना त्यांच्या नावापुढचा एम. एस्सी. सुद्धा न चुकता घातला.

छपाईयंत्र खडखडायला लागलं. भागोजीची चिठ्ठी एकदाच आली.