मशीनच्या तेलाचा डबा

कुणाच्या बापाला पटणार नाही, पण नवव्या मजल्यावरून सुटलेली भरली लिफ्ट मिस्त्रीने नुसत्या पोटावर झेलली होती. निदान दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या शिंप्याला तो तसं सांगत होता. गुडघे पोटाशी घेऊन, पुढे वाकून सांगत होता. कारण आडवं झालं की बेंबीच्या वर पेटलेली कळ थेट पाठीतून आरपार जायची.

"आत माणसं किती होती?" शिंप्याने विचारलं.

"अकरा. एक बाई दोन जिवांची, म्हणजे बाराच धरा."

"आणि दोर?"

"दोर कशाला हवा? मी होतो ना!"

शिंपी खो खो हसला. मिस्त्री हसायला गेला आणि कळवळून दुमडला. तीन दिवस तोंडात पाण्याचा घोट नाही, हाताला सलाईन, जिवाला चैन नाही. उठायचं, बसायचं, पुन्हा दाराकडे बघायचं. विम्याचं कार्ड त्याच्या हत्यारांच्या पिशवीत होतं. पिशवी लिफ्टच्या कामावरच्या साथीदाराने आणावी, असा निरोप त्याने धाडला होता; बायको 'मीच जाते' म्हणून निघाली होती. आणि पिशवीच्या तळाशी एक डबा होता. वर 'मशीन तेल' लिहिलेलं. आत काय, ते एकट्या मिस्त्रीला ठाऊक.

दार उघडलं. डॉक्टरीणबाई होत्या.

"काका, तुमच्या स्वादुपिंडाला सूज आलीय. अन्न पचवणारा रस आतड्यात पोचल्यावर जागा व्हायचा, तो आतच जागा झालाय. स्वादुपिंडालाच पचवायला लागलाय."

"म्हणजे लिफ्ट मजल्यावर यायच्या आधीच दार उघडलं म्हणा की!"

"अगदी तसंच. आता ते का उघडलं, ते शोधायचंय. बहुतेकांना पित्ताशयातल्या खड्यांमुळे होतं, नाहीतर दारूमुळे. तुमच्या सोनोग्राफीत खडे दिसत नाहीत. रक्तातली चरबी बेतात आहे, औषधं कुठली चालू नाहीत. मग उरलं काय?"

"थेंब नाही, डॉक्टर. सहा वर्षं झाली. बायकोचा हात हातात घेऊन शपथ घेतलीय."

"काका, कारण तसंच राहिलं, तर हे परत येईल. आणि परत आलं तर दर वेळी माणूस वाचतोच असं नाही."

मिस्त्री पुन्हा दाराकडे बघायला लागला. खरं सांगावं तर शपथ गेली, न सांगावं तर जीव. तेवढ्यात बायको आत आली. तिने कार्ड टेबलावर ठेवलं. शेजारी डबा ठेवला.

"हे काय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मशीनचं तेल!" मिस्त्री घाईघाईने म्हणाला. "आमचं लिफ्टचं नवं मशीन म्हणजे राक्षस आहे, डॉक्टर. रोज पाव डबा पितं. एक दिवस चुकवला, तर असं किंचाळतं, की अकरा मजल्यांवरची पोरं दचकून उठतात!"

शिंपीसुद्धा हसला नाही.

बायको खाटेच्या कडेवर बसली. सलाईन नसलेला त्याचा हात तिने आपल्या हातात घेतला, सहा वर्षांपूर्वी त्याने तिचा घेतला होता तसाच.

"अहो," ती म्हणाली, "नव्या मशीनला तेल लागतच नाही, असं घरी येईल त्याला तुम्हीच तर ऐकवता."