साध्या पाण्याची टाकी

मित्रांनो, मी दौंडच्या एका महाविद्यालयातली जुनी काचेची टाकी आहे. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत आम्ही चौघी ओळीने बसायचो.

२००८ साली स्वप्नाली संशोधनासाठी आली. मेंढ्या राखणाऱ्या घरातली ती पहिली शिकलेली मुलगी. एका कारखान्याला कापडावर चांदीचे कण लावायचे होते, केसाच्या जाडीहून हजारपट बारीक. धुण्याच्या पाण्यातून ते भीमेत उतरले, तर माशांचे काय होईल? ते तिला तपासायचे होते.

भीमेवर मासेमारी करणाऱ्या हौसरावमामांनी रोहूची बोटभर पिल्ले आणली. ते म्हणाले, "चांदीच हाय न्हवं? मंग कशापायी मरत्याल?"

"तेच बघायचंय, मामा."

प्रत्येकीत दहा पिल्ले सोडली. तिघींत कण मिसळले, पहिलीत सर्वांत कमी, शेवटच्या टाकीत सर्वांत जास्त. माझ्यात तुलनेसाठी साधे पाणी ठेवले.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या टाकीतली पिल्ले पाण्यावर तोंड काढून धापा टाकू लागली. चौथ्या सकाळी तिथे एकही हलत नव्हते. मधलीत सहा गेली, पहिलीत दोन. माझी दहाही मजेत फेऱ्या मारत होती. मला केवढा अभिमान वाटला! वेडीच होते मी.

त्याच दुपारी स्वप्नालीने माझ्यात जाळी घातली.

"आता ही कशाला, बाई? ही तर धडधाकट हायेत!" पिल्ले बघायला आलेले मामा कळवळले.

"मामा, चांगले कल्ले समोर ठेवल्याशिवाय मेलेल्यांचे बिघडलेले कसे दाखवू?"

लवंगतेलाने माशांना आधी गुंगी येते, मग ते मरतात; त्या पाण्यात माझे एकेक पिल्लू निपचित झाले. मामा बाहेर गेले.

अहवाल घेऊन ती कारखान्यात गेली. परतल्यावर मामांनी विचारले, "काय म्हनले सायेब?"

"टाकीतले मासे मेले, नदी केवढी मोठी आहे, म्हणाले. आकडे जरा सौम्य करा, असंही म्हणाले."

"मंग?"

"नाही केले."

कारखान्याने पैसे थांबवले आणि तिचे काम तिथेच बंद पडले. कापड मात्र बाजारात आले. वर्षभराने ती दौंड सोडून गेली. अहवाल कपाटात राहिला आणि मला व्हरांड्यात ठेवले. आता माझ्यात फुटक्या नळ्या टाकतात.

मित्रांनो, मला कुणी पुसले नाही तरी चालेल. पण पाण्यात काही सोडण्याआधी ते कपाट उघडा. तुमच्या प्रश्नाचे उत्तर देताना माझी दहा पिल्ले मेली आहेत. निदान ते वाचा.