आधी बंद, मग सूचना

माझा नवरा लिफ्ट तपासनीस आहे. त्यांच्या खात्याची एक रीत आहे: आधी लिफ्ट बंद करायची, मग रहिवाशांना सांगायचं. आधी सांगितलं की सगळे म्हणतात, आज नको, उद्या करा, आणि तो उद्या काही उजाडत नाही. लिफ्टच्या बाबतीत हे मला मान्य आहे. पण हा गृहस्थ तीच रीत घरी घेऊन येतो. माझं माहेरचं कपाट मी कामावर असताना भंगारात गेलं. संध्याकाळी मला सूचना मिळाली.

यंदा त्याच्या डोक्यात लिनक्स शिरलं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी, कुणा कंपनीच्या मालकीची नसलेली फुकट प्रणाली.

निमित्त खरं होतं. आमच्या कॉम्प्युटरवरच्या जुन्या विंडोजला आता सुधारणा मिळणार नव्हत्या आणि नवी विंडोज त्या मशीनवर चढत नव्हती. झालं, याला आयतंच कोलीत मिळालं. जेवताना लिनक्स, ब्रश तोंडात असताना लिनक्स. "अगं, आपण आपल्याच मशीनवर भाडेकरू आहोत. माणसाला काही स्वातंत्र्य हवं की नको?" टीव्हीचा रिमोट ज्याच्या हातून आजवर कुणाला मिळाला नाही, त्याच्या तोंडून स्वातंत्र्य ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

मी दातांच्या कवळ्या बनवते. दिवसभर लोकांच्या जबड्यांचे साचे घासायचे आणि संध्याकाळी घरी येऊन बंदूक उचलायची. आमचा पाच बायकांचा संघ आहे, ऑनलाइन नेमबाजीच्या खेळाचा. लांबून टिपायचं काम माझ्याकडे, कारण माझा हात हलत नाही. खेळातलं नाव अक्कलदाढ. कप्तानीण शिलाई मशीन दुरुस्त करते, तिला सगळ्या मावशी म्हणतात. तिला मी कधी पाहिलं नव्हतं, फक्त आवाज ओळखीचा. आजवर आम्ही पहिल्याच फेरीत मार खाऊन परत यायचो. या खेपेला उपांत्य सामन्यापर्यंत पोचलो होतो. सामना शनिवारी संध्याकाळी. जी वेळेवर हजर नसेल तिच्या जागी बदली खेळाडू, आणि ती बदली स्पर्धा संपेपर्यंत कायम. एवढं सगळं मी नवऱ्याला सांगितलं होतं. तो "हं" म्हणाला होता.

आता त्याला ठाऊक नसलेली गोष्ट. लिनक्स मी स्वतः वापरून पाहिलं होतं. पेनड्राइव्हवर घेतलं, चालवलं, आणि मला ते चक्क आवडलं. माझे एकटीने खेळायचे बहुतेक खेळ त्यावर सुरळीत चालले. फक्त हा संघाचा खेळ अडला. खेळाडू लबाडी करतात का हे बघायला त्यात एक पहारेकरी प्रोग्राम असतो, आणि त्या पहारेकऱ्याला लिनक्स चालत नाही; तो दारातूनच हाकलून देतो. म्हणून माझं ठरलं होतं: स्पर्धा संपली की लिनक्स टाकायचं, आणि डिस्कच्या एका कोपऱ्यात या खेळापुरती विंडोज राहू द्यायची. नवऱ्याला मुद्दामच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यानं त्याचंही श्रेय घेतलं असतं.

शनिवारी अर्धा दिवस भरून घरी आले. नवरा कॉम्प्युटरपुढे हात चोळत बसलेला, आणि पडद्यावर काहीतरी निळं, अनोळखी.

"बघ तरी किती भराभर चालू होतं!"

"माझी विंडोज कुठे आहे?"

"पुसली. पूर्ण स्वच्छ केलं मशीन."

"आज माझा सामना आहे."

"तो खेळ मशीनच्या पार तळाशी जाऊन बसतो, माहितेय? हेरगिरी आहे ती. माझ्या घरात ते चालणार नाही."

"परत टाक."

"आता? विंडोज, मग तो खेळ... सकाळ उजाडेल." आणि मग शांतपणे, चूक समजावून सांगावी तसा, तो म्हणाला, "विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"मी हो म्हणणार होते, मूर्खा! स्पर्धा झाली की मीच टाकणार होते!"

"मग झालंच की तुझ्या मनासारखं."

त्या क्षणी मला त्या माणसाचा मनापासून तिटकारा आला. त्याचं चुकलं होतं म्हणून नाही. त्याचं अर्धंअधिक बरोबरच होतं, आणि मी कशाला हो म्हणते याच्याशी त्याला काडीचं देणंघेणं नव्हतं.

मी मावशीला फोन लावला. ती शिव्या देईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "माझ्या मुलीचा कॉम्प्युटर इथे पडून आहे. खेळ आहे त्यावर, पण ग्राफिक्स कार्ड जळलंय. तुझं कार्ड घेऊन येशील?"

मी वायर उपटली, कॉम्प्युटरचा डबा आडवा केला आणि स्क्रू काढायला घेतले.

"हे काय चाललंय? निदान विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"अगं, त्या कार्डाशिवाय पडद्यावर काही दिसणार नाही!"

"तुझं स्वातंत्र्य आतच आहे. दिसत नाही, एवढंच."

कार्ड माझ्या पगारातून आलेलं होतं. टॉवेलात गुंडाळलं, पर्समध्ये घातलं आणि दोन बस बदलून मावशीकडे गेले. मावशी माझ्या खांद्याएवढी निघाली, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. शिलाई मशीनच्या स्क्रूड्रायव्हरनं तिनं कार्ड बसवलं. पंखा घरघरला, पडदा उजळला. मी हजेरी लावली तेव्हा आयोजकांचं बदली खेळाडूचं नाव अर्धं टाइप करून झालं होतं.

सुरुवातीला माझा हात थरथरत होता, रागानं. दोन सोपे नेम चुकले. मावशी शेजारच्या तिच्या कॉम्प्युटरवरून ओरडली, "नवऱ्याला नंतर मार, आधी खिडकीतला मार!" मला हसू आलं आणि हात स्थिर झाला. सामना आम्ही जिंकलो, थोडक्यात, पण जिंकलो. पुढच्या शनिवारी अंतिम फेरी.

फोनवर नवऱ्याचे संदेश साठले होते. पडदा काळा आहे. तपासणीचे अहवाल पाठवायचे आहेत. कार्ड केव्हा आणतेस?

मावशीनं कॉम्प्युटर बंद केला, स्क्रूड्रायव्हर उचलला, आणि तो हातात धरून तशीच थांबली.

"काढू का गं कार्ड? का राहू दे इथेच? तू सांगशील तसं."

मला एकदम रडू फुटलं. ती घाबरली, तिला वाटलं, तिचं काहीतरी चुकलं. मी डोळे पुसले आणि काय हवं याचा जरा विचार केला. इथे घाई कुणालाच नव्हती.

"राहू दे," मी म्हटलं. "आणि मावशी, आज रात्री मीही राहू का?"